माझं कपाट आणि ऐंशी नंबरचा दाणा

आमच्या राजुऱ्यात धूळ किती, हे बाहेरच्या माणसाला खरं सांगितलं तर तो उठून जातो. म्हणून मी नेहमी कमी करूनच सांगते. सकाळी पांढरी कोंबडी दारात सोडली, तर संध्याकाळी खुराड्यात कावळा परत येतो. एवढंच. कोळशाचे ट्रक दारावरून जातात आणि प्रत्येक ट्रक शेजारधर्म पाळून आमचा वाटा आमच्या घरात टाकून जातो. दोरीवरचा बनियान काढायला उशीर झाला, तर तो धुतलेला की धुवायचा, हे नाकानंच ठरवावं लागतं.

अशा गावात माझ्या सासऱ्यांनी पितळेला आरशासारखी चकाकी आणायचा कारखाना काढला. मागे टिनाची शेड, पुढे एक खोली, आणि त्या खोलीच्या आत आणखी एक छोटी खोली, जिच्यात शिरायला परवानगी लागे. समया, घंटा, शाळेच्या ढाली, विहारातल्या मूर्ती, सगळं त्यांच्याकडे येई. येताना ओबडधोबड, आणि जाताना असं लखलखीत की बसमध्ये शेजारी बसलेल्या बायका त्यात बघून टिकली सरळ करत. मी स्वतः पाहिलं आहे. एकीनं तर वेणी घातली.

चकाकी म्हणजे काय, तर ओरखडे. हे मला तिथं गेल्यावर कळलं आणि त्या आश्चर्यातून मी अजून बाहेर आलेली नाही. आधी जाड्या पॉलिश पेपरनं घासायचं, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे काढतो आणि आपले टाकतो, थोडे लहान. असं करत करत ते इतके लहान होतात की दिसेनासे होतात, आणि त्या न दिसणाऱ्या ओरखड्यांच्या जागी तुम्ही स्वतः दिसायला लागता. या कागदांना नंबर असतात. ऐंशी नंबर म्हणजे जाडा, हाताला गोखरूच्या काट्यासारखा टोचणारा. दोन हजार नंबर म्हणजे वासराचा कान. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. माणसांत हे उलटं असतं.

आणि या धंद्यात पाप एकच. बारीक कागदात जाड्या कागदाचा दाणा जाणं. मूठभर नको, एक दाणा पुरतो. महिनाभराची मेहनत तो एका हातासरशी नांगरून टाकतो. म्हणून सामान ठेवायचं कसं, हाच माझ्या सासऱ्यांचा जन्माचा विचार होता. घासणं कोणालाही येते, ते म्हणत, ठेवणं येत नाई.

मी वरोऱ्याची. लग्नात माहेरहून लोखंडी कपाट आलं. दाराला आरसा, आत कुलपाचा कप्पा, आणि दाराच्या कडेनं काळी रबरी पट्टी. सगळ्यात वरच्या कप्प्यात मी लग्नातली पांढरी साडी घडी घालून ठेवली. तिसऱ्या दिवशी मामाजी कपाटासमोर येऊन उभे राहिले. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मला वाटलं आरशात बघताहेत. त्यांनी दार उघडलं, लावलं, परत उघडलं. मग फटीत कागदाची एक चिठ्ठी धरली, दार लावलं आणि चिठ्ठी ओढून पाहिली. निघाली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते लग्नाच्या मांडवात मला पाहूनसुद्धा पसरलं नव्हतं.

"दार पक्कं बसते," ते म्हणाले. "सूनबाई, याच्यात काय ठेवतं तू?"

"साड्या, मामाजी."

"साड्यायले धूळ लागली त काय करतं?"

"धुते."

"हं. म्हणजे धुता येते."

आणि निघून गेले. महिन्याभरात माझ्या साड्या आत्याबाईंच्या पेटीत गेल्या आणि माझं कपाट चौघांनी उचलून त्या आतल्या खोलीत नेलं. त्या चौघांत एक माझा नवरा होता. लोक म्हणतात मी सासऱ्याच्या हाताखाली कामाला लागले. मी कुठली लागते. मी माझ्या कपाटाच्या मागे गेले.

त्या कपाटाची मामाजींनी जी मांडणी केली, तशी मांडणी मी राजवाड्यातल्या खजिन्याची पाहिली नाही. खजिनाही पाहिला नाही म्हणा. सगळ्यात खाली ऐंशी नंबर. त्याच्या वर एकशेवीस, मग दोनशेवीस, चारशे, हजार, आणि सगळ्यात वर, माझ्या साडीच्या कप्प्यात, दोन हजार. मी पहिल्या दिवशी म्हटलं, मामाजी, रोज लागणारं जाडं सामान वर ठेवलं तर वाकावं लागणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुलीवर चप्पल ठेवली होती.

"दाणा खाली पडते, बाई. वर चढत नाई. जाडा वर ठेवशील, त बारकायच्या डोक्यावर पडंल."

प्रत्येक नंबराचा डबा वेगळा, झाकण घट्ट. कागद सपाट, वर सागाची फळी, म्हणजे कागद वळायचा नाही. फळीवर भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, ओल पिऊन घ्यायला. मशीनवर फिरणारी कापडी चाकं, ज्यांना बफ म्हणतात, ती प्रत्येकी आपापल्या पिशवीत टांगलेली. त्या बफावर साबणाच्या वडीसारखा मसाला लावतात, आणि एका बफाला एकच मसाला, मरेपर्यंत. "लगन लागलं समज," मामाजी म्हणत. मसाल्याच्या वड्या उन्हानं पाघळू नयेत म्हणून त्या मातीच्या मडक्यात, मडक्याला बाहेरून ओलं गोणपाट. मी एकदा सुचवलं की मडकं ओल्या वाळूत ठेवू, जास्त थंड राहील. वाळू हा शब्द त्या खोलीत उच्चारल्याबद्दल मला दोन दिवस बाहेर बसून फक्त घंटा पुसाव्या लागल्या.

आत शिरायचं तर चप्पल बाहेर, हात कोपरापर्यंत धुतलेले, अंगावर दुसरा सदरा. मामाजींनी तर दोन हजार नंबराच्या काळजीनं मिशी उतरवली. मिशीत दाणा लपतो म्हणे. ती मिशी साधी नव्हती. तिच्या दोन टोकांवर दोन चिमण्या बसल्या असत्या आणि एकमेकींना दिसल्या नसत्या. ती गेली तेव्हा शेजारपाजारचे चेहरे पाडून भेटायला आले आणि दारातूनच हळू आवाजात विचारू लागले, कोण गेलं म्हणून.

पण खरं पाहण्यासारखं होतं ते त्यांचं नख. उजव्या अंगठ्याचं. बाहेरून कोणताही कागद आला की ते त्या नखावर एकदा ओढत आणि मग ते नख खालच्या ओठावरून फिरवत. ओठाला ओरखडा कळतो. बोटाला कळत नाही इतका बारीक असला तरी कळतो. डोळे मिटून ते सांगत, यात चारशेमध्ये दोनशेवीस मिसळला आहे, परत कर. दुकानदार शपथा घेई. मग भिंगातून पाहिलं की दाणा तिथं बसलेला, पकडल्या गेलेल्या चोरासारखा. वर्षानुवर्षं घासून त्या नखाला अशी चकाकी आली होती की त्यात मला खिडकी दिसे. खिडकीतलं कडुलिंबाचं झाड दिसे. झाडावर पाखरू होतं की नाही, ते मात्र सांगत नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

फक्त माझ्या कपाटातून निघालेला कागद ते नखावर तपासत नसत. "घरच्या माणसाची झडती घेत नाई," म्हणत.

असे काही उन्हाळे गेले, आणि एका उन्हाळ्यात चामोर्शीकडच्या एका गावातून बुद्धाची मूर्ती आली. विहार नवीन बांधलेला, आणि मूर्तीसाठी गावातल्या घराघरांनी पितळेचं एकेक भांडं दिलेलं. कोणी लोटा, कोणी परात, कोणी आजीची पाण्याची गुंडी. सगळी वितळवून ओतकाम झालेलं. बसलेली मूर्ती, माझ्या कमरेएवढी. वैशाखी पौर्णिमेला विहारात बसवायची होती. गावच्या लोकांनी ती खाली ठेवली आणि हात सोडायलाच तयार नव्हते. प्रत्येकाचं घर त्यात होतं.

मामाजींनी चेहऱ्यावरून बोट फिरवलं. लोक गेल्यावर मला म्हणाले, "ओतणाऱ्यानं कानस जास्त मारली. ओठाच्या कोपऱ्यात उठाव कागदाएवढाच उरला. एक डाव घासता येते. दुसरा डाव नाई. दुसऱ्यांदा जाडा कागद लागला त हसू पुसून जाईन."

"मग?"

"मंग बुद्ध नाई राहात. ठाणेदार होते."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि डॉक्टर ऑपरेशनचा तगादा लावत होते. ते पौर्णिमेनंतर, हे त्यांनी सांगून टाकलं होतं. तीन आठवडे ते त्या चेहऱ्याशी बसले. चारशेनं ओठापर्यंत आले, पण ओठाला शिवले नाहीत. हजारानं कोपरा धरला. रोज संध्याकाळी मी ओल्या फडक्यानं गाल पुसायची आणि रोज त्यात मी थोडी जास्त दिसायची. शेवटी फक्त दोन हजार नंबरचा हात आणि मग बफ, एवढंच राहिलं. पौर्णिमा पाच दिवसांवर होती.

ऊन तेव्हा असं होतं की बल्लारपुराहून कोणी भाताचा डबा घेऊन निघालं, तर राजुऱ्यात पोचेपर्यंत तो भात दुसऱ्यांदा शिजे. आणि त्या उन्हात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, संध्याकाळी वादळ आलं. गारा पडल्या. सुपारीएवढ्या होत्या, पण सांगताना मी लिंबाएवढ्या सांगते. छपराचा एक पत्रा उचलला गेला आणि पाणी नेमकं माझ्या कपाटावर उतरलं. दाराची रबरी पट्टी इतक्या उन्हाळ्यांनी वाळून कडक झाली होती. वरच्या डब्यांत ओल शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींना घेऊन नवरा चंद्रपूरला डोळ्यांच्या तपासणीला गेला. कपाटाकडे त्यांचं लक्ष जायच्या आत मी झाकणं उघडून पाहिली होती. कागद ओलसर, कडा वळायला लागलेल्या. मी आत्याबाईंकडे धावले. त्या गच्चीवर मुगवड्या घालत होत्या.

"आत्याबाई, कागद ओले झाले."

"मंग वाळू घाल ना. ऊन काय उसनं आणा लागते का?"

"मामाजी काय म्हणतील?"

"त्यायले सांगाचं कायले? येईपर्यंत वाळून जाईन."

आमच्या भागात बाईला ओली वस्तू दिसली आणि वर वैशाखाचं ऊन असलं, की तिसरा विचार सुचत नाही. मुगवड्या ओल्या, वाळू घाला. गाद्या ओल्या, वाळू घाला. माझ्या आईनं एकदा ओली परीक्षेची पावती पापडांत वाळू घातली होती आणि वर्षभर डब्यात शोधत होती. मी सगळे डबे वर आणले. ओले होते फक्त वरचे; पण म्हटलं, आणलेच आहे तर सगळ्यांनाच एक ऊन देऊ. आत्याबाईंच्या जुन्या लुगड्यावर अर्ध्या भागात मुगवड्या आणि अर्ध्या भागात माझे कागद. मी ते रंगानुसार लावले, विटकरी, राखी, काळा, रांगोळीसारखे. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक गिट्टी ठेवली, रस्त्याच्या कडेची. दुपारी पापड उलटतात तसे उलटले. उन्हं कलल्यावर सगळ्यांची एक चवड केली, पापडाची करतात तशी जमिनीवर ठोकून कडा सारख्या केल्या, आणि मग नंबर बघून एकेक डब्यात घातले. कागद असे कुरकुरीत झाले होते की मला वाटलं, तळले तर फुलतील. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

मामाजी संध्याकाळी आले. डोळ्यांत औषधाचे थेंब, सगळं धूसर. रात्रभर झोपले. सकाळी उठून हात कोपरापर्यंत धुतले, सदरा बदलला, आत गेले. मी मागोमाग. त्यांनी कपाट उघडलं, वरच्या डब्यातला कागद घेतला, पाण्यात बुडवला. नखावर ओढला नाही. मूर्तीच्या डाव्या गालावर ठेवला आणि ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे एक हात मारला.

एक बारीक आवाज आला. भातात खडा दाताखाली यावा तसा.

मामाजींचा हात जिथं होता तिथंच थांबला. त्यांनी कागद उचलला नाही, खेचला नाही. सरळ वर घेतला, साप उचलावा तसा. मग बोटानं गाल चाचपला. ओठाच्या कोपऱ्यापासून तर्जनीच्या दोन पेरांएवढा ओरखडा. मला तो दारातून दिसत होता.

"काय होय हे?" ते हळू म्हणाले.

आता खोटं बोलण्यात माझा हात कोणी धरत नाही. मी म्हटलं, "ट्रकची धूळ असंल, मामाजी. पत्रा उघडला होता ना."

"कोळसा मऊ असते. पितळाले नाई ओरखडत." त्यांनी तो कागद आता नखावर ओढला. नख ओठावर फिरवलं. "ऐंशी नंबर हाय याच्यात. दगडाचाबी कण हाय. गिट्टीचा." मग कागद नाकाशी नेला. "आन याले जिऱ्याचा वास काऊन येऊन राह्यला?"

मी खाली बघितलं. आत्याबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हाताला अजून मुगवड्यांचं पीठ होतं.

"मीच म्हटलं तिले वाळू घाल म्हणून," त्या म्हणाल्या.

"कोनकोनते घातले?"

"सगळे," मी म्हटलं.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि तो कागद मांडीवर ठेवून त्याच्यावर हात फिरवत राहिले, आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"मी चंद्रपूरले जाते," मी म्हटलं. "आत्ताच्या बसनं. नवे कागद आणते, सगळ्या नंबराचे."

"आनशील. पण हा ओरखडा खोल हाय. दोन हजारानं नाई निघत. चारशेपासून चालू करा लागते." त्यांनी मान वर केली. "ओठापाशी चारशे लावतं तू?"

 तिकडे गावात मांडव पडला असेल, घरोघर भांड्याच्या गोष्टी निघत असतील. इकडे ते हसू कागदाएवढं, आणि त्याच्या दाराशी माझा ओरखडा.

आत्याबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "आमच्या माहेरी पितळ घासाले कोनता नंबर होता? भाताच्या तुसाची राख आन चिंच. गुंड्या अशा चमकत का सूर्य घरात ये."

"राखेत खडा असते," मामाजी म्हणाले. "जाडी बारीक सगळी एकात."

"पाण्यात टाकू," मी म्हटलं. ते माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. "पाण्यात ढवळली त जाडी खाली बसंल ना, मामाजी. बारीक वरच्या पाण्यात राहीन. कपाटावाणी."

त्यांनी त्या धूसर डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले कोन शिकवलं हे?"

"तुम्हीच तर. जाडा खाली पडते."

"मी कपाटाचं सांगतलं होतं. पाण्याचं नाई सांगतलं." आणि उठले.

चुलीसाठी ठेवलेलं तुसाचं पोतं आत्याबाईंनी अंगणात रिकामं केलं. पेटवलं, धुमसू दिलं, पांढरी राख होईपर्यंत. दोनदा मलमलीतून गाळली. मग मी ती पाण्यानं भरलेल्या उंच गुंडीत टाकली, ढवळली आणि मामाजी म्हणाले, शंभर मोज. शंभर झाल्यावर वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतलं. तळाचं टाकून दिलं. परत ढवळलं, या वेळी पाचशे. परत ओतलं. तिसऱ्या भांड्यात ते पाणी तसंच ठेवलं आणि आम्ही तिघंही भोवती बसलो. कोणी श्वास जोरात घेतला नाही. आमच्या घरात इतकी शांतता मी आले त्या दिवसापासून पहिल्यांदाच झाली, कारण मी गप्प होते.

दुपारी पाणी निवळलं. तळाशी सायीचा थर बसावा तसा एक थर. मी चिमटीत घेतला. चिमटीत काही आहे हे कळलंच नाही. बोटं उघडून पाहिली तर बोटांवरच्या रेषा पांढऱ्या झालेल्या. मी जन्मभर राखेनं भांडी घासली आहेत, पण राखेच्या पोटात असं काही असतं हे मला माहीत नव्हतं. एका मुठीत सगळे नंबर असतात, आणि पाणी त्यांना एकेक करून ओळखतं, नाव न विचारता.

मामाजींनी ते नखावर घेतलं. ओठावरून फिरवलं. परत फिरवलं. "हे दोन हजाराच्याबी पलीकडचं हाय," म्हणाले.

त्या दिवशीची राहिलेली दुपार आणि दुसरा अख्खा दिवस त्यांनी फक्त अंगठ्यानं काम केलं. ना मशीन, ना कागद. जे कागद चार हातांत काढतो ते राखेनं काढायला हजार हात लागतात, पण कुठं थांबायचं हे अंगठ्याला कळतं. अंगठ्याच्या गादीवर ओली राख, आणि ओरखड्याच्या कानाकडच्या टोकापासून ओठाकडे. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतंच. मी शेजारी बसून सांगायची किती उरला. दोन पेरं. दीड पेर. नखाएवढा. त्यांचा अंगठा हुळहुळा झाला, मग लाल झाला. मी म्हटलं, मी घासते. ते म्हणाले, "तू पाहा. तुह्या डोळ्यायचं काम तू कर." तांदळाच्या दाण्याएवढा. तिळाएवढा.

आणि ते थांबले.

"अजून आहे, मामाजी. तिळाएवढा."

"हो. माहीत हाय." त्यांनी अंगठा पाण्यात बुडवला. "इथून पुढं हसू हाय."

मी फडक्यानं गाल पुसला. मी खोटं सांगते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून हे सांगताना मला कोणी मानत नाही. पण त्या क्षणी त्या गालात सगळी खोली होती. खिडकी, कडुलिंब, मी, आत्याबाईंच्या पदराची किनार. बाहेरून कोळशाचा ट्रक गेला. तो त्या गालावरून गेला, मुंगीएवढा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि एक कणसुद्धा सांडला नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी चामोर्शीकडचे लोक ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलीत भाताच्या तणसाची गादी, वर पांढरी चादर. त्यांच्यात एक म्हातारी होती, काठी टेकत आलेली. तिनं नवऱ्याच्या हातचा गडवा दिला होता म्हणे, पाणी प्यायचा. लोकांनी मूर्ती पाहिली आणि टोप्या काढल्या. म्हातारी पुढं आली आणि तिचं तोंड मूर्तीच्या तोंडापाशी नेऊन बारीक बघत राहिली.  मामाजी सावरून उभे राहिले.

म्हातारीनं तो तीळ बरोबर शोधला. त्याच्यावर बोट ठेवलं.

"माह्या गडव्याले इथीच पोचा होता," ती म्हणाली. "अशाच कोपऱ्यात. बुढा गेला त्या सालचा."

लोकांत कुजबुज झाली. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर एक सुरेख गोष्ट तयार झाली होती, गडव्याच्या पोच्याची, वितळूनसुद्धा न गेलेल्या. पण मामाजींनी हात जोडले.

"नाई, माय. तो ओरखडा हाय. आमच्या घरी पडला. चूक आमची हाय. काढाले गेलो असतो त हसू गेलं असतं, म्हणून ठेवला. तुमी नाई म्हणसान त मूर्ती इथीच राहू द्या, दुसरी ओतून आना, मी फुकट घासून देतो."

म्हातारीनं बोट काढलं नाही.

"पडला असंल ना, भाऊ," ती म्हणाली. "गडव्यालेबी पडलाच होता. तो का आपल्या मनानं आला होता?" मग मागं वळून ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "हात लावा रे. ऊन होऊन राह्यलं."

आम्ही तिघंही ट्रॉलीत बसून गेलो. रस्ताभर मामाजींनी मूर्तीला सावली केली, स्वतःच्या पंच्याची, पितळेला ऊन लागतं की काय कोण जाणे. दुसऱ्या दिवशी विहारात मूर्ती बसवली तेव्हा सकाळचं ऊन खिडकीतून बरोबर गालावर आलं. मला तीळ शोधायचा होता, पण त्या गालात पूर्ण गाव बसलेलं दिसत होतं, आणि इतक्या माणसांत एक तीळ कुठं सापडतो.

पुढच्या महिन्यात मामाजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तसे घरी आले आणि पहिल्यांदा कपाटापाशी गेले. मी तोवर दाराला नवी रबरी पट्टी बसवून घेतली होती, सगळे जुने कागद मागच्या शेडमध्ये गंज काढायला दिले होते, नवे आणून एकेक नखावर तपासून ठेवले होते. नख माझं. अजून त्यात खिडकी दिसत नाही, पण उजेड कुठून येतो एवढं कळतं. सगळ्यात वरच्या कप्प्यात, दोन हजाराच्याही वर एक नवी फळी टाकून, मी एक लहान डबा ठेवला होता. त्यावर नंबर लिहिला नव्हता.

मामाजींनी तो उघडला. बघितलं. परत झाकण लावलं, घट्ट.

"याच्यावर काही नको ठेवजो," म्हणाले.

माझी लग्नातली पांढरी साडी अजून आत्याबाईंच्या पेटीत आहे. तिच्या जागी आता तुसाची राख आहे. दर वैशाखात मी नवी करते. आत्याबाई तूस जाळतात आणि मामाजी बाजेवर बसून शंभर मोजतात. गच्चीवर मुगवड्या असतातच. फक्त त्या दिवशी मी वर जायचं नाही, असा घरात नियम आहे.